484 पैकी 481: आमची वाटचाल

2018 साली जुळे सोलापुरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही काम सुरू केलं. मी आणि माझा मावसभाऊ, दोघंच. त्याचा हात जमीन मोजणीत बसलेला, मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलेला. पहिली दोन वर्षं ले-आउटचे नकाशे काढून भाडं भरलं. मग एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागानं विचारलं, "उपग्रहाच्या फोटोवरून आमच्या कार्यक्षेत्रातला ऊस मोजून द्याल का?" मी हो म्हणून बसलो.

सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची छायाचित्रं फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी नवं. 10 मीटरचा पिक्सेल (चित्रातला एक ठिपका), म्हणजे एकरभर रान जेमतेम 40 पिक्सेलांत बसतं. एका टाइलच्या (चित्राच्या एका ठरलेल्या चौकोनाच्या) एका बँडमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एका पट्ट्यात, 10,980 गुणिले 10,980, बारा कोटींवर पिक्सेल. आडसाली, सुरू आणि खोडवा हे उसाचे प्रकार वेगळे काढायचे तर एका तारखेचं चित्र पुरत नाही, वर्षभराच्या तारखा लागतात. आमची स्क्रिप्ट एकेक तारीख घेत रात्रभर चालायची, तरी काम उरायचं. कारखान्याला आकडा गाळपाच्या आधी हवा होता. संगणकाच्या प्रोसेसरला एकाच वेळी काम करू शकणारे आठ कोअर, त्यातले सात रिकामे बसलेले बघून जीव तुटायचा.

म्हणून मल्टिप्रोसेसिंगकडे, म्हणजे काम अनेक कोअरांत वाटून देण्याकडे वळलो. पहिल्याच दिवशी विंडोजवर एकच एरर पडद्यावर धो धो वाहायला लागली. तिथं प्रत्येक नवा वर्कर (कामाचा वाटा उचलणारी वेगळी प्रक्रिया) आपली प्रोग्रॅमची फाइल पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचतो, त्यामुळे पूल, म्हणजे वर्करांचा गट, सुरू करणारा भाग 'मेन'च्या अटीखाली (फक्त मुख्य प्रोग्रॅममध्येच चालेल असा) ठेवावाच लागतो. हे तासाभरात उमगलं. पुढे विंडोज सोडून उबुंटू लिनक्सवर गेलो आणि खरी परीक्षा तिथं झाली.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी, संध्याकाळी 30 तारखांचं काम लावलं आणि घरच्यांना घेऊन बाहेर पडलो. रात्री परत आलो तर 29 झालेल्या. सकाळीही 29च. एरर नाही, काही नाही. मला खटकला तो पंखा: काम चालू असलं की तो घरघरायचा, आता अगदी गप्प होता. काम चालू आहे असं पडद्यावर दिसत होतं, पण ते कुणीच करत नव्हतं.

कारण शोधायला दोन दिवस गेले. एक बँड मूळ रूपात 241 एमबीचा. फ्लोट-64 मध्ये (दशांशाच्या आकड्यांत) बदलला की 964 एमबी. एनडीव्हीआय (पिकाचा हिरवेपणा दाखवणारा आकडा) काढताना असे चार-पाच तक्ते एकदम मेमरीत राहतात. चारच वर्कर लावले होते, पण चौघांचा भर एकाच क्षणी आला आणि 16 जीबी रॅम संपली. सिस्टिमनं एका वर्करला मारून टाकलं. पूलनं त्याच्या जागी नवा वर्कर बसवला, पण मेलेल्याच्या हातातलं काम नव्याकडे गेलंच नाही. मुख्य प्रोग्रॅम त्या उत्तराची वाट बघत राहिला. तेव्हापासून आम्ही पायथनमधलाच दुसरा पूल, प्रोसेस पूल एक्झिक्युटर, वापरतो. वर्कर असा मेला तर तो लगेच एरर देऊन थांबतो. आणि पूर्ण चित्र उचलणं बंद केलं: 512 पिक्सेलांचे चौकोन, एका टाइलचे 22 गुणिले 22, म्हणजे 484 तुकडे.

रॅमचा प्रश्न सुटला आणि मी निर्धास्त झालो. चूक तिथं झाली.

नकाशा कारखान्याला गेला. चौथ्या दिवशी शेतकी अधिकाऱ्यांचा फोन, "साहेब, जरा येऊन जा." गेलो. टेबलावर आमचा नकाशा पसरलेला आणि शेजारी त्या गटाचे चिटबॉय, म्हणजे कारखान्याचे रानात फिरून ऊस बघणारे कर्मचारी, उभे. त्यांनी एका जागी बोट ठेवलं. "सकाळीच ह्या बांधावर हुतो मी. डोक्याच्या वर ऊस हाय. तुमच्या कागदावर माळ दिसतंय."

मी त्या पांढऱ्या भागाची कड बघितली आणि पोटात गोळा आला. कड सरळ होती, चारही बाजूंनी. शिवार कधी असं फूटपट्टीनं कापलेलं नसतं. तो आमचाच तुकडा होता, पाच किलोमीटरचा चौकोन.

484 पैकी 481 तुकडेच पूर्ण झाले होते. उरलेल्या तिघांत एका तारखेला ढगांमुळे एकही स्वच्छ पिक्सेल उरला नव्हता, आणि आमचं फंक्शन रिकाम्या यादीवर अडलं. एरर आली होती. पण एक्झिक्युटरला 'सबमिट'नं काम सोडलं की 'रिझल्ट' करून उत्तर मागेपर्यंत ती एरर आतच पडून राहते, आणि मी उत्तर मागितलंच नव्हतं. त्यात रिकामा नकाशा मी आधीच शून्यानं भरून ठेवलेला, आणि आमच्याकडे शून्य म्हणजे 'ऊस नाही'. बाकीचे दोन चौकोन कोरडवाहू भागात पडले म्हणून कुणाला दिसलेच नाहीत.

एका चुकलेल्या चौकोनात कितीतरी शेतकऱ्यांची रानं असतात. त्यांच्या नोंदीवर आमच्या कागदामुळे शंका आली असती, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. सगळं काम पुन्हा करून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

आता न झालेल्या जागेला शून्याऐवजी 255 हा आकडा आणि जांभळा रंग, म्हणजे लपणार नाही. प्रत्येक वर्कर मूळ फाइल स्वतः उघडतो. फोर्कच्या (मुख्य प्रोग्रॅमची प्रत काढून वर्कर बनवण्याच्या) आधी उघडलेली फाइल वाटून घेतली की वाचण्याची जागाही वाटली जाते आणि भलतीकडचे पिक्सेल येतात. लिहितानाही प्रत्येकाची फाइल वेगळी, जोडणी शेवटी. शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घ्यायची तर तुकडा चारही बाजूंनी थोडा वाढवून वाचतो, नाहीतर सांध्यावर रेघ उमटते. आठ वर्करांनी वेग आठपट होत नाही, डिस्क आडवी येते. पण रात्रभराचं काम दीड तासात होतं, तेवढं पुरे.

आज आम्ही पाच जण आहोत, ऑफिस होटगी रोडला. 484 पैकी 484 ही ओळ आल्याशिवाय नकाशा छपाईला जात नाही. छापण्याआधी त्याच चिटबॉयांना तीन गट नंबर पाठवतो, ते बांधावरून फोटो काढून पाठवतात. या खेपेचे दोन आलेत. तिसरा यायचाय, नकाशा थांबवून ठेवलाय.