नवऱ्याच्या आडनावातला डब्ल्यू

लग्न होऊन लीड्सला आले तेव्हापासून आत्याचा एकच प्रश्न: "मुंबईच्या ठाकऱ्यांचे कोण गं हे?" नवऱ्याचं आडनाव थॅकरे. तिला शंभरदा सांगितलं की हे यॉर्कशायरचे थॅकरे, आपल्या ठाकऱ्यांशी नातं नाही. असलाच संबंध तर स्पेलिंगचा. प्रबोधनकारांना कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे आवडायचा, म्हणून इंग्रजीत आडनाव लिहिताना त्यांनी त्याचं स्पेलिंग उचललं, असं सांगतात. तो कादंबरीकार जन्मला कोलकात्यात, १८११ साली, पण घराणं मूळचं यॉर्कशायरच्या हॅम्प्स्थ्वेट गावचं. त्यावर आत्या म्हणाली, "मग तुझे सासरेही त्याच गावचे का?" मला सांगता येईना. सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी खांदे उडवले. मग मीच पदर खोचला.

पहिला टप्पा इतका सोपा गेला की मला माझंच कौतुक वाटलं. इंग्लंडमध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे आणि जनगणनेचे कागद घरबसल्या बघता येतात. १९११ च्या जनगणनेचा फॉर्म घरातल्या कर्त्या माणसाने स्वतःच्या हाताने भरलेला असतो. नवऱ्याच्या पणजोबांचं वळणदार अक्षर पाहून सासूबाईंचे डोळे भरून आले. मागे मागे जात १८५१ ला पोचले. तिथे नवऱ्याच्या एका पूर्वजाचं जन्मगाव लिहिलेलं: फ्यूस्टन. हॅम्प्स्थ्वेटपासून काही मैलांवरचंच, वॉशबर्न नदीच्या खोऱ्यातलं. (१८४१ च्या जनगणनेवर फार विसंबू नका. त्यात मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत आणि जन्मगावही नाही, फक्त त्याच परगण्यात जन्म झाला की नाही एवढंच.)

आता हवं होतं या माणसाच्या बापाचं नाव. ते मिळतं लग्नाच्या दाखल्यावर, कारण १८३७ नंतरच्या नोंदींत नवरा-नवरी दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा लिहिलेला असतो. लग्न १८४० च्या दशकातलं, चर्च माहीत. म्हटलं, आठवड्याचं काम.

साडेचार महिने लागले.

त्या निबंधक कार्यालयाचं नाव घेत नाही. पहिल्यांदा अर्ज केला, फी भरली. तीन आठवड्यांनी पत्र: नोंद सापडत नाही, फी परत मिळणार नाही. स्पेलिंग चुकलं असेल म्हणून 'ई' घालून दुसरा अर्ज केला. पुन्हा तेच पत्र, फक्त तारीख वेगळी. तिसऱ्यांदा फोन केला. बाई अतिशय गोड बोलल्या. मी म्हटलं, चर्च सांगते, साल सांगते, त्या दोन-तीन वर्षांची पानं उलटून बघा ना. त्या म्हणाल्या, आम्ही सूचीत शोधतो, वहीत नाही. सूची कोणी केली? स्वयंसेवकांनी. सूचीत चूक असली तर? तर अर्जात जसं सूचीत आहे तसं लिहा. पण सूचीत कसं आहे ते मला कसं कळणार? त्यावर फोनवर एक सभ्य शांतता.

आमच्या तहसील कचेरीतला कारकून निदान "साहेब जेवायला गेलेत, तीनला या" म्हणून वाट तरी दाखवतो. इथे सगळं इतकं नम्रपणे नाकारतात की भांडायला तोंडच राहत नाही. मी फोन ठेवला आणि उशीवर दोन बुक्के मारले.

शेवटी रजा टाकून अभिलेखागारात गेले. चर्चमध्ये लग्नाच्या दोन वह्या ठेवत. एक भरली की निबंधकाकडे जायची, दुसरी चर्चकडेच राहायची. त्या दुसरीची मायक्रोफिल्म तिथे होती. जाताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या, जागा आधी राखून ठेवा, आणि पेन नेऊ नका. आत फक्त पेन्सिल चालते. माझं पेन दारातच काढून घेतलं, शाळेत असल्यासारखं वाटलं.

दोन तास पानं फिरवून डोळे चुरचुरायला लागले तेव्हा तो सापडला. धंदा: जवसाच्या तंतूंची विंचरणी. सहीच्या जागी फुली. म्हणजे लिहिता येत नव्हतं, पाद्रीबुवांनी कानावर पडलं तसं लिहिलं. त्या वळणदार लिपीत 'टी' आणि 'एफ' यांत फरक काय, तर मधली एक बारीकशी रेघ. इथे 'टी'वर शाईचा ओघळ आलेला. सूची करणाऱ्याने 'एफ' वाचला असणार. संगणकावरचा "मिळतीजुळती नावं" हा शोधही अशा वेळी कामाचा नाही, कारण त्यातली सर्रास वापरातली पद्धत पहिलं अक्षर पक्कं धरते आणि पुढचीच अक्षरं सैल सोडते. वर एकाच ओळीत दोन स्पेलिंगं: मुलाच्या नावात 'आर'च्या आधी डब्ल्यू, बापाच्या नावात नाही!

मला तिथेच हसू फुटलं. शेजारच्या आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं.

नंतर जे सुचलं ते आधी सुचायला हवं होतं. नवरीच्या नावावरून शोधायचं. तिचं माहेरचं आडनाव त्या जोडप्याच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर होतं, तो दाखला पहिल्या आठवड्यापासून माझ्या फायलीत पडून होता. आणि सरकारच्या नव्या ऑनलाइन सूचीत १८३७ पासूनच्या जन्मांसमोर आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं. जुन्या छापील सूचीत ते १९११ च्या उत्तरार्धापासूनच आहे.

डब्ल्यूला मी पाद्रीबुवांची डुलकी समजत होते. तसं नव्हतं. हे आडनाव गावावरून आलंय. फ्यूस्टनच्या शिवेत थॅकरे नावाची वस्ती होती. शब्द व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतला: 'थक' म्हणजे शाकारणीचं गवत, 'व्रा' म्हणजे कोपरा. घरं शाकारायला जिथून गवत-बोरू कापून आणत, तो कोपरा. त्या 'व्रा'मधला 'व' म्हणजेच तो डब्ल्यू. म्हणजे आम्ही सगळ्यांनी गाळलेलं अक्षरच सगळ्यांत जुनं. आपल्याकडे असते तर हे लोक गवतकोपरकर झाले असते. इंग्रजांनी 'कर' लावला नाही. १३७९ च्या डोईपट्टीच्या यादीत गावाच्या नावाआधी लॅटिनमधलं 'दे' (म्हणजे 'चा') दिसतं, पुढे तेही गळालं.

त्या यादीपर्यंत आमची साखळी जोडलेली नाही, उगाच फुशारकी नको. चर्चने नोंदवह्या ठेवाव्यात हा हुकूमच १५३८ चा, त्यामुळे वह्या त्यानंतरच्या. त्या वाचताना लक्षात ठेवा, १७५२ च्या आधी इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे फेब्रुवारीतलं मूल लग्नाआधी जन्मल्यासारखं वाटतं किंवा उलट. आणि हो, "तुमच्या आडनावाचं राजचिन्ह" छापलेला कप नवऱ्याने आणला होता. इथे चिन्ह माणसाला बहाल होतं, आडनावाला नाही. कपात मी आता कोथिंबीर ठेवते.

एका रविवारी फ्यूस्टनला गेलो. वस्ती दिसली नाही, कारण लीड्सला पाणी पुरवायला १८७० च्या दशकात तिथे धरण बांधलं आणि ती पाण्याखाली गेली. गेली नऊ वर्षं मी त्याच शहराच्या नळाचं पाणी पितेय. सासूबाई काठावर बराच वेळ उभ्या होत्या, मग म्हणाल्या, चहा कुठे मिळेल.

आत्याला फोन केला. "म्हणजे गवताचे," ती म्हणाली, "बरं झालं, सालस असतील."

दाखला अखेर आला, त्याच कार्यालयाकडून. मी अर्जासोबत सूचीतली चूक कळवली होती, तर त्यांनी दुरुस्तीसाठी आणखी एक फॉर्म पाठवला. त्यात "योग्य स्पेलिंग" असं लिहून पुढे एकच चौकट आहे. डब्ल्यू घालायचा की नाही, यावर घरात दोन तट पडलेत. फॉर्म अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.