आंटीचं ताट आणि माझी बिस्किटं

नाताळच्या सकाळी शेजारच्या आंटीकडून ताट येतं. आम्ही फोंड्याला राहायला आलो त्या वर्षापासून एकदाही चुकलेलं नाही. वर क्रोशाचा रुमाल, खाली दोदोल, नेवऱ्या, कुलकुल, बिबिंकचा एक जाड तुकडा आणि लालसर पेराद, म्हणजे पेरूची वडी. आमच्याकडून चवथीच्या नेवऱ्या आणि दिवाळीचा फराळ जातो तो निराळा. पण नाताळचं ताट परत करायचं तर त्यात काय घालायचं, हा प्रश्न दर वर्षी 26 डिसेंबरला पडतो. दिवाळी होऊन गेलेली असते, घरात काही नसतं, मग बाजारातून काजूगर आणून ताटात ओतायचे. गोव्यात गोव्याच्याच माणसाला काजूगर! या वेळी मी ठरवलं, घरीच काहीतरी करायचं. तिच्या धाकट्या मुलाचं रोस, म्हणजे लग्नाआधी अंगाला नारळाचं दूध लावायचा विधी, 4 जानेवारीला होतं, म्हणजे आठवडाभर हातात होता.

जॅम भरलेली बटरची बिस्किटं मला सोपी वाटली. अंडं लागत नाही, म्हणून सासूबाईंचीही हरकत नव्हती. मापही लक्षात राहील असं: साखर एक भाग, बटर दोन, मैदा तीन. मी 100 ग्रॅम पिठीसाखर, 200 ग्रॅम बटर, 300 ग्रॅम मैदा घेतला. आपलं पिवळं बटर खारंच असतं, वेगळं मीठ नको. नानकटाई येते मला, मग यात अवघड ते काय?

पहिला घाणा ओव्हनच्या काचेतून बघत होते. दहा मिनिटांत चोवीस बिस्किटांचं एकच धिरडं झालं. वरचा दुकानातला मिश्र फळांचा जॅम आधी पाण्यासारखा पातळ झाला, मग उकळला, मग कडेने ओघळून ट्रेवर काळा पडला. तो ट्रे मी दोन दिवस भिजत ठेवला होता. नवरा म्हणाला, "चव चांगली आहे." तो असं म्हणतो तेव्हा काय समजायचं ते मला कळतं.

चूक बटरमध्ये होती. कृतीत लिहिलं होतं, बटर बाहेर काढून तासभर ठेवा. ते थंड मुलखातलं माप. आमच्याकडे डिसेंबरातही दुपारी घामाने पदर भिजतो, तासाभरात बटरचं तेल झालं होतं. बटर बोट रुतेल इतपत मऊ हवं, पण चकाकता कामा नये. माझ्या स्वयंपाकघरात त्याला पंधरा मिनिटं पुरतात. आणि हे तूप नव्हे, हेही तेव्हाच डोक्यात शिरलं. तुपात जवळपास सगळी चरबीच, बटरमध्ये ती साधारण 80 टक्के आणि उरलेल्यात बरंचसं पाणी. मैदा घातल्यावर पोळीच्या कणकेसारखं मळलं की त्या पाण्याने पीठ चिवट होतं. नानकटाईच्या सवयीने मी तळहाताने रगडत बसले होते. आता मैदा घातला की बोटांनी नुसतं गोळा करते, थांबते.

दुसऱ्या वेळी शहाणपण जास्त झालं. पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं, सकाळी गोळे केले आणि अंगठ्याने दाबायला गेले तर कडा उन्हाळ्यातल्या शेतासारख्या तडकल्या. शिवाय मध्येच लाईट गेली. फोंड्यात लाईट जाते यात बातमी नाही, पण ओव्हनमध्ये अर्धकच्ची बिस्किटं असताना ती जाते तेव्हा माणूस देव आठवतो. पंचवीस मिनिटांनी आली. ती बिस्किटं कुस्करून सासूबाईंनी दुधाबरोबर खाल्ली आणि म्हणाल्या, "हीच कर की." दातांना त्रास नाही, एवढाच त्यांचा निकष.

तेव्हापासून क्रम उलटा केला. पीठ झालं की लगेच सोळा-सोळा ग्रॅमचे गोळे वळायचे, मऊ असतानाच खळगा पाडायचा आणि मग ट्रेसकट अर्धा तास फ्रिजमध्ये. खळग्यासाठी अंगठा नको, प्रत्येकाचा वेगळा असतो. मी लाटण्याची मूठ मैद्यात बुडवून वापरते. गार बिस्किट तापलेल्या ओव्हनमध्ये गेलं की बटर वितळायच्या आत कडा धरते. 165 अंशांवर चौदा-पंधरा मिनिटं. माझ्या ओव्हनची मागची बाजू जास्त तापते, म्हणून नवव्या मिनिटाला ट्रे फिरवायचा. बाहेर काढताना ती कच्चीच वाटतात. हात लावू नका, ट्रेवरच कडक होतात.

राहिला जॅम. डबा उघडून दुकानातल्या जॅमकडे बघत उभी होते आणि बाजूला आंटीचंच पेराद दिसलं. खरं सांगते, आमच्याकडे ते पटकन संपत नाही. वडीसारखं, घट्ट, गोडमिट्ट; पोरं एकेक तुकडा खातात आणि बिबिंककडे वळतात. पण ते म्हणजे पेरूचा गर आणि साखर, कढईच्या कडा सोडेपर्यंत आटवलेली. पाणी आंटीनेच उडवलेलं. वर पेरूत पेक्टिन भरपूर, फळाचा रस धरून ठेवतं ते हेच. मला हवं होतं ते हेच होतं, रुमालाखाली झाकून घरी आलेलं.

150 ग्रॅम पेराद बारीक चिरलं, तीन चमचे पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून अगदी मंद आचेवर ढवळत राहिले. पेरू खाली लागायला क्षण पुरतो. ताटलीवर थेंब टाकून ती तिरकी केली. थेंब जागचा हलला नाही, गॅस बंद. लिंबाने गोडीही जरा जाग्यावर आली. निम्मं सारण भाजायच्या आधी खळग्यात, निम्मं बाहेर काढल्यावर गरम असताना. आधीचं बिस्किटाला धरतं, नंतरचं चकाकतं. ओघळ एकही नाही. सदतीस झाली, त्यातली चार ओट्यापाशीच गेली.

एक गोष्ट मात्र हवेपुढे चालत नाही. भरलेली बिस्किटं आमच्याकडे तिसऱ्या दिवशी मऊ पडतात, सारणातला ओलावा खाली उतरतो. म्हणून मोठ्या कार्याला करायची तर अर्धवट भरलेली ठेवूही नयेत. कोरीच भाजून घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून ठेवावीत आणि कार्याच्या सकाळी भरावीत. नणंदेच्या साखरपुड्याला मी पुढे तसंच केलं.

रोसच्या आदल्या संध्याकाळी ताट घेऊन गेले. अंगणात मांडव, आत नारळाचं दूध काढायची गडबड. आंटीने उभ्या उभ्याच एक बिस्किट तोंडात टाकलं, चावता चावता थांबली आणि माझ्याकडे बघून हसायलाच लागली. "म्हजें म्हाकाच परत?"

मी काय बोलणार! तिने आतल्या बायकांना बोलावून एकेक वाटलं, आणि ताट निघताना माझ्या हातात परत आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा थोरला पेरादचा भरलेला स्टीलचा डबा देऊन गेला. आता तो डबा परत करायचा आहे.