आमची वाटचाल: घरातलं घरात, बाहेरचं बाहेर

सुरुवातीला आम्ही दोघंच. एक जण कोड लिहायचा, दुसरा गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचा. ऑर्डरी आणि बिलं सांभाळणारं ॲप रेल्सवर, म्हणजे रुबी भाषेतल्या वेब फ्रेमवर्कवर, उभं केलं. पुढे त्याचं मोबाइल ॲप हवं झालं, तेव्हा कंट्रोलरमध्ये, म्हणजे विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये, 'रेंडर जेसन' (उत्तर जेसन या मजकुराच्या स्वरूपात पाठव) लिहून एका दुपारीत मोकळे झालो.

महिनाभराने मोबाइलचं काम करणाऱ्या मुलीने विचारलं, "दादा, हा पासवर्ड डायजेस्ट मला कशाला पाठवताय?" पोटात गोळाच आला. डायजेस्ट म्हणजे पासवर्डपासून बनवलेला गुप्त ठसा, तो बाहेर जायलाच नको. फ्रेमवर्कची काही चूक नव्हती. अख्खं रेकॉर्ड हातात दिलं, त्याने सगळे कॉलम बाहेर काढले.

मग मॉडेलमध्ये, म्हणजे ग्राहकाचं रेकॉर्ड सांभाळणाऱ्या कोडमध्ये, जेसन बनवणारी 'टू_जेसन' मेथड स्वतः लिहिली, डायजेस्ट वगळून. एक ग्राहक मागितला की उत्तर चोख, यादी मागितली की डायजेस्ट पुन्हा हजर! दोन रात्री घालवल्यावर उलगडा झाला: ॲरे, म्हणजे ती यादी, आपल्या आतल्या ऑब्जेक्टची 'टू_जेसन' विचारतच नाही, 'ॲज_जेसन' विचारतो. 'टू_जेसन' तयार मजकूर देते, 'ॲज_जेसन' साधा हॅश (फील्डचं नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या) देते, आणि फेरफार करायचा तो तिथे. हुरूप येऊन ऑर्डरीत ग्राहक आणि ग्राहकात ऑर्डरी घातल्या. दोघं एकमेकांना बोलवत राहिले आणि सर्व्हर 'स्टॅक लेव्हल टू डीप' म्हणत आडवा झाला.

सगळ्यात महागात पडला तो आयडी. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या सिस्टिममधले आयडी सोळा आकडी होते. आमच्याकडून ९००७१९९२५४७४०९९३ निघायचा, ब्राउझरमध्ये तोच ९००७१९९२५४७४०९९२ दिसायचा आणि भलत्याच्याच नावाचं बिल उघडायचं. जावास्क्रिप्टमधला साधा पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच भरवशाचा. जेसनचा यात दोष नाही. आयडी स्ट्रिंग म्हणून पाठवायला लागलो. गिऱ्हाईक मात्र गेलं ते गेलंच.

त्यानंतर मॉडेलमधलं सगळं उपटून काढलं. आता प्रत्येक उत्तरासाठी वेगळा सीरियलायझर (काय बाहेर पाठवायचं ते ठरवणारा कोड) आहे: यादीसाठी चार फील्ड, तपशिलासाठी जास्त, तारखा आयएसओ ८६०१ या प्रमाण पद्धतीत. बाहेर जाणाऱ्या कीजची (फील्डच्या नावांची) यादी कोड तपासणाऱ्या टेस्टमध्येही लिहिलेली असते. एक जरी की वाढली तरी टेस्ट लाल, म्हणजे नापास, होते.

आज आम्ही नऊ जण आहोत. नवा कॉलम टाकला की सीरियलायझर आणि टेस्ट, दोन्हीकडे हाताने लिहावं लागतं, अशी टीमची कुरकुर असते. त्यावर उपाय आहेत, मला माहीत आहेत. मी मुद्दामच केलेले नाहीत.