गुलाबाचा चोर

गुलाबाची पानं कात्रीने कापावीत तशी गोल गोल कातरलेली. आठवडाभर मी अळीला शिव्या घालत होते. आज चोर सापडला, चक्क माशी! पोटाखाली दाट केसांचा ब्रश, त्यात पिवळेधमक पराग. मधमाशी पराग मागच्या पायांवर वाहते, ही पोटाखाली. म्हणजे पानकापी माशी, शास्त्रीय नाव मेगाकायली.

मग तशीच दुसरी आली. पण पोट टोकाला निमुळतं आणि ब्रशच नाही! ही सिलिऑक्सिस नावाची माशी. ही पराग गोळा करायच्या भानगडीत पडत नाही, पानकापीच्या घरट्यात अंडं घालून मोकळी.

नेमकी जात? जबड्याचे दात मोजेपर्यंत थांबेल तर ना!

सासूबाई विचारतात, "औषध मारायचं ना?"

"नको हो आई, कापू दे."