छोटी धातुभट्टी, भाग ६ : ४४६ ची नळी पुन्हा मोडली, पण कारण सापडलं

भट्टीचं तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलवरची, ४४६ जातीच्या स्टेनलेस स्टीलची संरक्षक नळी दुसऱ्यांदा मोडली. या वेळी वेल्ड शाबूत आहे. नळी तुटली ती वेल्डच्या बीडच्या (जोडाच्या रेषेच्या) चांगली दोन बोटं वर, काच तुटावी तशी, आणि निमित्त काय तर गुडघ्याइतक्या उंचीवरून शहाबादी फरशीवर पडली.

मागच्या भागातली मोड बीडला चिकटून होती. तुटलेल्या तोंडावर खडीसाखरेसारखे ठसठशीत चमकते कण दिसत होते. ४४६ मध्ये क्रोमियम २३ ते २७ टक्के. अशा फेरिटिक (निकेल जवळपास नसलेल्या, चुंबक चिकटणाऱ्या) स्टीलला वेल्डिंगचा ताप जास्त वेळ मिळाला की कण फुगतात, आणि नंतर कितीही भाजलं तरी ते बारीक होत नाहीत. तो प्रश्न आता सुटलाय : २.८ मिमी जाडीला टिग वेल्डिंगवर ७० अँपिअर, १.६ मिमीचा टंगस्टन इलेक्ट्रोड, आर्गॉन मिनिटाला ८ लिटर, नळीच्या आतूनही आर्गॉन (पर्ज) ३ लिटर, बीड सरळ ओढायचा, झुलवायचा नाही. वेल्डआधी प्रीहीट १५० ते २०० अंश. मे महिन्यात शेडमध्ये ४२ अंश असले तरी प्रीहीट सोडायचा नाही. तापमान ठरावीक अंशाला वितळणाऱ्या तापमान-खडूनेच बघा. चकचकीत स्टेनलेसवर इन्फ्रारेड गन साफ खोटं सांगते.

नव्या मोडीत कण बारीकच आहेत. म्हणजे दुखणं दुसरं. वेल्डनंतर नळी मफलमध्ये (बंद पेटीसारख्या भट्टीत) ८०० अंशांवर अर्धा तास ठेवली, इथपर्यंत बरोबर. मग दार बंद ठेवून रात्रभर तशीच गार होऊ दिली. ओतीव लोखंडाचं कास्टिंग राखेत मुरवायची सवय इथे नडली. ५४० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात हा धातू रेंगाळला की आतल्या आत जास्त क्रोमियमचे आणि जास्त लोखंडाचे सूक्ष्म भाग वेगळे होतात आणि तो ठिसूळ बनतो. हाच तो ४७५ अंशांचा ठिसूळपणा. क्रोमियम जितकं जास्त, तितका तो लवकर येतो.

खात्रीसाठी त्याच नळीच्या दोन रिंगा कापून ८०० वर तापवल्या. एक मफलमध्येच गार केली, दुसरी लाल असतानाच काढून पंख्यासमोर धरली. व्हाइसमध्ये पहिली दोन आट्यांत तडकली. दुसरी अंड्यासारखी चपटी झाली तरी चीर नाही! मग तडकलेल्या रिंगेचा उरलेला तुकडा पुन्हा ८०० वर नेऊन पंख्यावर गार केला, तर तोही वाकला. हा ठिसूळपणा उलटवता येतो, ही या भागातली सर्वांत मोठी कमाई.

वेल्डमध्ये भरायच्या तारेबद्दल. ३०९ एल या निकेलवाल्या स्टेनलेसची तार छान वाहते, पण ती ४४६ पेक्षा तापून साधारण दीडपटीने जास्त फुगते, त्यामुळे रोजच्या तापण्या-निवण्यात जोडावर ओढ बसते. शिवाय तिच्यात निकेल आहे, आणि आपण जळकं ऑइल जाळतो. त्यातला गंधक निकेलला खातो. ३१० (तेही निकेलवालं स्टेनलेस) सोडून ४४६ घेण्याचं कारणच ते. म्हणून टोकाच्या बुचाला त्याच नळीच्या १ मिमी डिस्कने कापलेल्या पट्ट्याच तार म्हणून वापरल्या. डिस्क फक्त स्टेनलेससाठी ठेवलेली हवी. वेल्डिंगच्या धुरात विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असतं, त्यामुळे एक्झॉस्ट फॅन लावल्याशिवाय आर्क पेटवू नका.

वरच्या फ्लँजला ३०९ एल ने जोडायचं ठरलं होतं, पण आता तो वेल्डच रद्द. दोन अर्ध्या पट्ट्यांचा एम.एस. (साध्या लोखंडी) क्लँप पुरेसा आहे, आणि बोल्ट सैल केला की नळी बाहेर काढता येते. याचा दुसरा फायदा आत्ता लिहितानाच लक्षात येतोय : भट्टी बंद केल्यावर नळी आतच राहिली तर ती भट्टीबरोबर सावकाश निवणार, म्हणजे तेच दुखणं पुन्हा. तेव्हा ओतकाम संपलं की लाल असतानाच बाहेर काढून उभी टांगायची; आडवी ठेवली तर गरम ४४६ स्वतःच्याच वजनाने वाकते. झाकणाजवळचा भाग मात्र चालू भट्टीतही ४०० ते ५०० मध्येच राहणार. तो ठिसूळ होणारच, म्हणून गार नळीवरचा मळ ठोकून काढायचा नाही, वायर ब्रशने घासायचा.

जालन्याच्या रोलिंग मिलच्या भंगारातल्या नळ्या घेताना चुंबक खिशात ठेवा. ३१० ला तो चिकटत नाही, ४४६ ला चिकटतो. पण तो कमी क्रोमियमच्या ४३० स्टेनलेसलाही चिकटतो, म्हणून जिथे एक्सआरएफ गन (धातूतली मूलद्रव्यं ओळखणारं उपकरण) आहे तिथूनच घ्या, किलोमागे थोडे जास्त गेले तरी. पुढच्या खेपेला बूच पुन्हा भरायचं आहे आणि क्लँपखाली सिरॅमिक पेपरचे दोन वेढे द्यायचे आहेत.