गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली

हायब्रीड टी गुलाब म्हटला की डोळ्यांसमोर येतं ते छातीएवढं उंच, खालून उघडंबोडकं झाड आणि टोकाला एकेक मोठं फूल. माझ्या वाफ्यात तेवढ्या उंच झाडाला जागा नव्हती, मागच्या रोपांचं ऊन अडलं असतं. फ्लोरिबंडाचे, म्हणजे एका दांड्यावर अनेक फुलं देणाऱ्या गुलाबाचे, घोसही नको होते. एका दांड्यावर एकच फूल, टोकदार कळी आणि बाहेरच्या बाजूला वळत सावकाश उघडणाऱ्या पाकळ्या, एवढं मात्र हवंच होतं. म्हणून ठेंगण्या चणीचं हायब्रीड टी घेतलं. अशी झाडं साधारण 60 ते 75 सेंटिमीटरवर थांबतात. फूल मात्र उंच झाडासारखंच, चांगलं 10 सेंटिमीटरचं येतं.

लहान झाड म्हणजे कमी लाड, असा हिशेब इथे चालत नाही. ठेंगणेपणा येतो तो दोन पानांमधलं अंतर कमी असल्यामुळे. पानं दाटीवाटीने येतात, मधली हवा कोंडते आणि पुढच्या बहुतेक कटकटी तिथूनच सुरू होतात. शिवाय हा गुलाब वर्षातून एकदा फुलून गप्प बसणारा नाही. 1867 साली फ्रान्समधल्या ल्योंच्या गियो यांनी ‘ला फ्रान्स’ बाजारात आणला, त्याला पहिला हायब्रीड टी मानतात. मूळच्या चिनी टी गुलाबांची पुन्हापुन्हा फुलण्याची खोड या सगळ्या कुळात उतरली आहे. एका बहराची फुलं काढली की सहा ते आठ आठवड्यांत पुढचा बहर येतो. तेवढी भूक भागवणारं मूळ आणि पान झाडाकडे असावं लागतं.

रोप निवडताना मी फुलांकडे पाहिलंच नाही. फुललेलं रोप लगेच उचलावंसं वाटतं, पण बघायचं असतं ते बुडाशी. जंगली गुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा (पानाच्या बगलेतला अंकुर) भरून कलम करतात, त्या जागी जी गाठ असते, तिच्यातून पेन्सिलीएवढ्या जाड निदान तीन फांद्या तीन दिशांना गेलेल्या हव्यात. एकाच बाजूला झुकलेलं ठेंगणं झाड पुढे सरळ करणं जवळजवळ अशक्य असतं, कारण उंच झाडासारखी त्याच्याकडे लांब फांदी वळवायला सवडच नसते.

जागा सकाळच्या उन्हाची निवडली. दिवसाला सहा तास ऊन कुठलंही चालतं असं म्हणतात, पण दव लवकर वाळवणारं ऊन सकाळचंच. दोन रोपांत 60 सेंटिमीटर अंतर ठेवलं. लावलं तेव्हा ते फार विरळ दिसत होतं आणि मध्ये काहीतरी खुपसावं असं रोज वाटायचं. खुपसलं नाही ते बरं. खड्डा 45 सेंटिमीटर खोल घेतला, निघालेल्या मातीत चांगलं कुजलेलं शेणखत मिसळलं. मातीचा सामू (pH, आम्लतेचं माप) 6 ते 6.5 च्या आसपास असला की गुलाबाला अन्न नीट उचलता येतं, चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. एका कोपऱ्यात आधी जुना गुलाब होता, तिथली माती मात्र मी काढून दुसरीकडची भरली. गुलाबाच्या जागी लगेच गुलाब लावला की नवं रोप खुरटतं, हा माळीकामातला जुना अनुभव आहे. कलमाची गाठ किती खोल ठेवायची यावर वाद भरपूर ऐकायला मिळतात. जिथे जमीन गोठते तिथे ती 3 ते 5 सेंटिमीटर मातीखाली जाते, सौम्य हवेत मातीलगत किंवा किंचित वर राहते. एवढंच आहे ते.

खड्ड्यातल्या शेणखताशिवाय वरून खत मात्र लगेच घातलं नाही. नवी फूट आधी तांबूस असते, मग हिरवी होते, मग हाताला थोडी कडक लागते. ती कडक झाल्यावर पहिला हात खताचा. नवख्या मुळांना तोवर पाणीच पुरतं. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी बुडाशी भरपूर दिलं, म्हणजे मुळं खाली जातात. वरून वाळक्या पानांचं आच्छादन घातलं, पण खोडाला टेकू दिलं नाही.

पहिल्या कळ्या आल्या तेव्हा खरा स्वभाव कळला. मधल्या कळीच्या खाली, पानांच्या बगलेत, ज्वारीच्या दाण्याएवढ्या दोन-तीन कळ्या बसलेल्या असतात. एकच मोठं फूल हवं असेल तर त्या इतक्या लहान असतानाच बाजूला दाबून काढायच्या. नख लावावं लागत नाही, अंगठ्याने ढकललं की ‘टिक्’ करून सुटतात. मोठ्या होऊ दिल्या की खुडल्यावर काळं खुंट राहतं आणि फुलाच्या मानेशी ते शेवटपर्यंत दिसतं.

फुलदाणीसाठी लांब दांडा घ्यायचा मोह ठेंगण्या गुलाबाला परवडत नाही. उंच झाडाचा हातभर दांडा कापला तरी त्याच्याकडे खाली पानं उरतात. इथे दांडाच वीतभर, तो पूर्ण कापला म्हणजे त्या फांदीची निम्मीअर्धी पानं गेली. पाच पर्णिकांची (एका पानातल्या छोट्या पानांची) किमान दोन पानं फांदीवर राहतील असं मी कापते आणि आखूड तोंडाच्या भांड्यात फुलं ठेवते. पहिल्या वर्षी तर जवळपास फूल तेवढंच काढलं. बहर पुढेपुढे भरत गेला तो त्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

आता काळे ठिपके. या विषयावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. बुरशीचा ठिपका ओळखायची खूण अशी की त्याची कड गुळगुळीत नसते, शाई फुटल्यासारखी झालरदार असते. मग भोवती पिवळं पडतं आणि बुडाकडची पानं आधी गळतात. या बुरशीच्या बीजाणूला पानात शिरायला पान सलग सातएक तास ओलं लागतं. हे कळल्यावर फवारणीच्या पंपाऐवजी मी घड्याळाकडे बघायला लागले. संध्याकाळी पाणी देणं बंद, पानांवर पाणी उडवणं बंद. मातीपासून 15 सेंटिमीटरपर्यंतची पानं काढून टाकली, कारण पावसाचे थेंब मातीवरून उसळून आधी तिथेच पोचतात. मधोमध आत वळलेल्या बारीक काड्याही छाटणीची वाट न बघता काढल्या. ठेंगण्या झाडात हे दर महिन्याला करावं लागतं, नाहीतर मध्यभाग पुन्हा गच्च होतो. गळलेली पानं रोज वेचायची आणि खताच्या ढिगात टाकायची नाहीत. बुरशीनाशक नवं पान वाचवतं, लागलेला ठिपका पुसत नाही. त्यामुळे ते मी शेवटचा उपाय म्हणून ठेवलं आहे.

भुरी या दुसऱ्या बुरशीचं गणित उलटं. तिला ओलं पान लागत नाही, उबदार कोरडा दिवस आणि दमट रात्र पुरते. कोवळी पानं चुरमुडतात आणि त्यांवर पिठासारखी पूड दिसते. गंधक चालतं, पण पारा 30 च्या वर असेल त्या दिवशी नाही, पानं करपतात. मावा कळ्यांच्या मानेवर येतो, तो बोटांनी पुसला तरी पुरे. लाल कोळ्यासाठी मात्र पानांच्या मागून पाण्याचा फवारा मारावा लागतो. म्हणजे पान कोरडं ठेवायचा माझाच नियम मोडायचा. तो मी कडक उन्हाच्या सकाळी मोडते, तासाभरात सगळं वाळतं.

झड लागली की भरगच्च पाकळ्यांच्या फुलांचं आणखी एक होतं. बाहेरच्या पाकळ्या भिजून एकमेकींना चिकटतात, कागदासारख्या तपकिरी होतात आणि आतलं फूल कोंडून सडतं. वेळेत दिसलं तर वरची चिकटलेली पाकळी हलक्या हाताने सोलायची. बऱ्याचदा कळी उघडते.

छाटणी कडाक्याची थंडी सरल्यावर, डोळे फुगायला लागले की करते. जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे पावसाळ्यानंतरही करतात. हायब्रीड टी बुडापाशी आखडायचा असतो असं सांगतात, पण ठेंगण्या झाडाला मी उंचीच्या निम्म्यापेक्षा खाली आणत नाही. डोळे जवळजवळ असल्याने बाहेरच्या दिशेचा डोळा सहज सापडतो, त्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरपा काप. कापलेल्या तोंडाकडे बघायचं. गाभा पांढरा किंवा हिरवट असेल तर ठीक, तपकिरी असेल तर आणखी खाली, पांढरा दिसेपर्यंत. सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला, धार नसेल तर फांदी चेंगरते आणि तिथून मर सुरू होते.

कलमाखालच्या जंगली खुंटाची फूटही एकदा आली. सात पर्णिका दिसल्या की ती जंगली, असं सर्रास सांगतात, पण काही चांगल्या जातींनाही सात येतात. म्हणून माती उकरून फूट गाठीच्या खालून निघाली आहे का ते बघितलं आणि हाताने ओढून बुडासकट फाडली. कापली असती तर खालच्या डोळ्यांतून दुप्पट आल्या असत्या.

सध्या गाठीच्या वरून एक जाडजूड तांबडा तळफुटवा निघाला आहे, बाकीच्या फांद्यांपेक्षा दुप्पट वेगाने वाढतोय. गुडघ्याएवढा झाला की त्याचा शेंडा खुडेन, म्हणजे टोकाला कळ्यांचा झुपका न येता तो बाजूंनी फुटेल. त्याच्यासाठी सर्वांत जुनी, साल खरखरीत झालेली फांदी येत्या छाटणीत बुडापासून काढायची आहे.