पूलच्या हौशी स्पर्धेत कोणाला घ्यायचं?

बेळगाव, निपाणी, खानापूर भागात पूलची (क्यू नावाच्या काठीनं टेबलावरचे बॉल पॉकेटात घालायच्या खेळाची) हौशी स्पर्धा जाहीर झाली की पहिला वाद ठरलेला: कोल्हापूर-चंदगडचे खेळाडू घ्यायचे का? बिनधास्त घ्या. आधार कार्डावरच्या पत्त्यावरून कुणाचा खेळ कळत नाही.

‘बक्षिसाचे पैसे घेतले तो व्यावसायिक’ हा नियमही कुचकामी. वर्षातून एकदा दोन हजार जिंकणारा दुकानदार त्यात बाद होतो आणि पार्लरचा मार्कर, म्हणजे तिथं टेबल सांभाळणारा नोकर, हौशी ठरतो. मार्करनं बक्षीस घेतलेलं नसेल, पण टेबल रिकामं झालं की क्यू त्याच्या हातात असतो. टेबलाच्या कडेची कुठली रबरी कुशन मेलेली आहे, कुठल्या कोपऱ्याकडे बॉल ओढला जातो, हे त्याला पाठ असतं. मार्कर, मालक आणि फी घेऊन शिकवणारे यांना खुल्या गटातच ठेवावं.

स्नूकरवाल्यांचा प्रश्न जास्त नाजूक. त्यांची सवय 12 फुटी टेबलाची आणि 52.5 मिमी बॉलची. पूलचा बॉल 57.15 मिमीचा, टेबल 9 फुटी किंवा त्याहून लहान आणि पॉकेट मोठं. त्यामुळे बॉल घालणं त्यांना पहिल्या दिवसापासून जमतं. ब्रेक (डावाचा पहिला फटका) आणि चिकटलेले बॉल फोडणं मात्र शिकावं लागतं. मागच्या दोन वर्षांत राज्य स्पर्धेत खेळलेला असेल तर खुला गट, नुसता क्लबात खेळणारा असेल तर हौशी गट, पण हँडिकॅप लावून, म्हणजे दोघांना जिंकायला कमी-जास्त डाव ठरवून.

हँडिकॅप अंदाजानं देऊ नका. फार्गो रेटिंग म्हणजे पूल खेळाडूच्या ताकदीचे गुण. त्यात 100 गुणांचा फरक म्हणजे वरचा खेळाडू दर तीन रॅकपैकी (डावांपैकी) दोन जिंकणार. अशा दोघांना सरळ सात रॅकपर्यंत खेळवलं तर वरचा दहापैकी नऊ वेळा जिंकतो. मग खालच्यानं एंट्री फी कशाला भरायची? त्याच जोडीत वरच्याला सात आणि खालच्याला चार रॅक लावले की वरचा शंभरात साधारण 56 वेळा जिंकतो. याला सामना म्हणायचं.

आपल्याकडे बहुतेकांचं रेटिंग नसतं, म्हणून हातचं राखून खेळणारे शिरतात. ते ओळखायला नुसता स्कोअर पुरत नाही. अमेरिकेतल्या एपीए (अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन) लीगमध्ये स्कोअरशीटवर किती पाळ्या लागल्या आणि त्यात बचावाचे फटके किती, हेही लिहितात. ती पद्धत उचलावी. सोपा बॉल चुकतो, पण दर चुकीनंतर पांढरा बॉल नेमका समोरच्याला अडचणीच्या जागी थांबतो, असं तीन-चारदा झालं की हा हातचं राखतोय असं समजावं. खरा नवशिका चुकतो तेव्हा पांढरा भरकटतो आणि समोरच्याला आयतं मिळतं.

फॉर्मवर चारच प्रश्न छापा: पार्लरमध्ये काम करता का, शिकवण्याचे पैसे घेता का, दोन वर्षांत राज्य पातळीवर खेळलात का, मागच्या तीन स्पर्धांत कुठपर्यंत पोचलात. खाली सही. यादी ड्रॉच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि हरकती ड्रॉ निघेपर्यंतच घ्या. नंतर खोटी माहिती उघड झाली तर त्या खेळाडूला बाद करून त्याच्याकडून शेवटचा हरलेल्याला पुढं पाठवायचं, हेही फॉर्मवरच लिहा. एंट्री फी परत मिळणार नाही, ही ओळ सहीच्या वर हवी.